आमच्या गल्लीची धडधड

त्या माणसाला मिशा होत्या की नव्हत्या, यावरून पापड लाटता लाटता आमच्यात जे जुंपलं, त्यातून एक संसार वाचला. हसू नका. मी उज्ज्वला गिराम, एसटीत कंडक्टर होते, वाढवून सांगायची मला सवय नाही. बस आपल्या आपण चालायला लागल्या, तिकीट माणसाचा चेहरा बघून कापलं जायला लागलं, तेव्हा आम्हाला साडी-नारळ देऊन घरी बसवलं. पण गर्दीत कोण चोर, कोण साव हे ओळखायची नजर थोडीच जाते? निदान माझा तसा समज होता.

आमच्या मांडवगावात बसला ड्रायव्हर लागत नाही, पण नळाला पाणी अजून चार-चार दिवसांनीच येतं. त्यामुळे पापड पाणी आल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी शारदा लोमटेच्या गच्चीवर बसलो होतो. शारदा माझी शेजारीण, भिंतीला भिंत. सोबत पलीकडची नसीम. आणि शारदाची सून ऋतुजा, उदगीरची पोर, लग्नाला वर्षही झालेलं नाही. ती उडदाचं पीठ बत्त्याने कुटत होती, घामाने नुसती डबडबली होती. तेवढ्यात शारदा उठली आणि तिच्यासमोरची परात ओढून घेतली.

"तू नको हात लावू पिठाला. जा खाली."

ऋतुजाने हात पुसले आणि जिना उतरून गेली.

"शारदे, काय झालं गं? पोरीला असं सगळ्यांसमोर?"

"रविवारी विशू तिला उदगीरला सोडून येणारय. कायमची." विशू म्हणजे शारदाचा मुलगा, विश्वंभर. आईच्या शब्दाबाहेर नाही आणि बायकोच्या नजरेसमोर उभा राहायची हिंमत नाही, अशातला. "आणि तू काय साळसूदपणे विचारायलीस? तूच तर रोज म्हणतेस, हद्द झाली बाई तिची!"

"मी? ऋतुजाला?"

"'नजर ठेवा'मधल्या सुनेला. ग्लासात पांढरी पूड घालते बघ, सासू हळूहळू भ्रमिष्ट होते. आणि आमच्या हिलाही रात्री ग्लासात तसंच घालताना मी बघितलंय."

आता हे 'नजर ठेवा' सांगायला पाहिजे. 'घरगोष्ट' नावाच्या कंपनीने गावात टीव्हीवर बसवायचा एक डबा फुकट वाटला होता. त्यात रोज सातला ही मालिका लागायची. आपल्या आसपास गोड बोलून कोण गळा कापतंय, त्याची गोष्ट. एक निवेदक यायचा, बोट उगारून म्हणायचा, "आणि तुमच्या घरात? नजर ठेवा!" महिनाभर सगळी गल्ली येडी झाली होती. सकाळी कपडे वाळत घालताना मी म्हणायची, "काल तिने काय केलं बघितलंस?" शारदा म्हणायची, "बघितलं की! जीभ कशी झडत नाही तिची!" आमच्याकडे वाईट बोलताना कोणी नाव घेत नाही. नुसतं 'ती'. टीव्हीवरच्या बाईचंसुद्धा.

"सून?" मी म्हटलं. "अगं, त्यात सून कुठली? ती शेजारीण आहे ना! टेप घेऊन भिंत मोजते, दुसऱ्याची जागा लाटायला."

नसीमने लाटणं खाली ठेवलं. "तुम्हा दोघींना ऊन लागलंय का? ती ट्यूशनवाली आहे. पोरांच्या डोक्यात काहीबाही भरते. मी परवाच आमच्या सना-अयानची ट्यूशन बंद केली."

"काहीतरीच! मिशीवाल्या निवेदकाने स्वतः सांगितलं की सून," शारदा म्हणाली.

"मिशीवाला?" मी म्हटलं. "अगं सफाचट आहे तो! जाड चष्मा, अगदी आमच्या थोरल्या मामासारखा."

"पिळदार मिशा आहेत. आमच्या सासऱ्यांसारख्या!"

"पांढरी दाढी," नसीम हळूच म्हणाली. "आमच्या अब्बांसारखी."

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. वारा सुटला, दोन पापड उडाले, कोणी उठलं नाही. मला आता आठवायला लागलं. टीव्हीतली ती भिंत मोजणारी शेजारीण शारदासारखाच पदर खोचायची. गेला महिनाभर शारदाने दिलेलं पिठलं मी मागच्या दाराने कुत्र्याला घालत होते. आणि तिची वाटी रिकामी परत करत होते. आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी पाठवत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात.

"मग तुमचे टीव्ही बिघडलेत," शारदा म्हणाली आणि लाटायला बसली.

मी खाली गेले. ऋतुजा बॅगेत साड्या भरत होती. रडत नव्हती, ते जास्त वाईट.

"पोरी, ग्लासात पांढरं काय घालतेस गं?"

तिने कपाटावरचा डबा काढून माझ्या हातात दिला. इसबगोल. "ह्यांना लागतं, रोज रात्री. पण आईला कळू द्यायचं नाही म्हणतात, लाज वाटते."

मला असं हसू फुटलं की पलंगावरच बसले. बायकोचा संसार मोडायला निघालाय आणि गडी पोट साफ होत नाही हे सांगायला लाजतोय! माझं बघून तीही हसली, मग मात्र रडली. तिला जवळ घेतलं.

रडणं थांबल्यावर मी तिला मिशांचं सांगितलं. तिचे डोळे एकदम बारीक झाले. ती उठली, टीव्हीवरचा तो डबा बोटाने चाचपला.

"काकू, मी आरोग्य केंद्रात काय करते माहीतय ना? पेशंट कॅमेऱ्यासमोर बसतो, मी त्याच्या हातालाही हात न लावता नाडी सांगते. दर ठोक्याला चेहऱ्यात रक्त चढतं, उतरतं. कातडीचा रंग एवढासा बदलतो, डोळ्यांना दिसतच नाही. कॅमेऱ्याला दिसतो." तिने एक काळा ठिपका दाखवला. "हा बघा कॅमेरा. हा तुमची नाडी बघतोय."

"बघू दे की. मला काय रक्तदाब नाही."

"तसं नाही. गोष्ट आधी लिहिलेलीच नसते. मशीन ती बसल्या जागी तयार करतं, माणसं, आवाज, सगळं. सुरुवातीला सगळ्यांना थोडं थोडं दाखवायचं, सून, शेजारीण, मास्तर, भाडेकरू. ज्याला बघून तुमचं काळीज धडधडलं, गोष्ट तिकडे वळली. उद्या आणखी वळली. निवेदकाचा चेहराही असाच, ज्याच्याकडे बघून तुम्ही शांत होता तो त्याला मिळाला."

"म्हणजे मशीनला शारदा वाईट वाटते?"

"मशीनला काही वाटत नाही, काकू. कोण चांगलं, कोण वाईट त्याला कळतच नाही. तुम्ही उठून जाऊ नये, एवढंच त्याला पाहिजे."

संध्याकाळी मी घरी परीक्षा घेतली. मालिका लागली, शेजारीण टेप घेऊन आली, आणि मी पदर डोक्यावरून ओढून चेहरा झाकला. नुसत्या फटीतून बघत राहिले. काय सांगू! थोड्या वेळाने शेजारणीला काय करावं कळेना. तिने टेप गुंडाळला, कुंडीला पाणी घातलं, एका भाडेकरूशी हवापाण्याचं बोलली. शेवटी निवेदक उगाचच खोकत उभा राहिला. पदर काढला मात्र, शेजारीण परत भिंतीशी. मी टीव्हीला अशी शिवी हासडली की ती इथे लिहिता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शारदाला सगळं समजावून सांगितलं. इसबगोलसकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं तुझं? हे तुला कोणी शिकवलं?"

"ऋतुजाने."

"बघ! कालच दाखवलं त्यात. सून आता शेजारणीला फितवते. अगदी पुडीचा डबासुद्धा दाखवते शेजारणीला. मी म्हटलं, उज्ज्वला येईल आता, आणि आलीस!"

मी कपाळावर हात मारला. काल मी जिना उतरून ऋतुजाकडे गेले, ते ती गच्चीवरून बघत राहिली असणार. तीच धास्ती मनात घेऊन टीव्हीसमोर बसली, आणि त्याने तीच तिला वाढून दिली. आता मी जितकं खरं बोलणार, तितकी खोटी ठरणार. तिचा चेहरा बघितला तर डोळ्यांखाली काळी वर्तुळं. ती काही दुष्ट नव्हती हो. माझ्या बाळंतपणात हिनेच मला डिंकाचे लाडू करून घातले होते. ती घाबरली होती. स्वतःच्या घरात पाणी प्यायला घाबरत होती बिचारी.

आणि रविवार परवावर आला होता.

विचार करता करता मला गाडी आठवली. भरलेली गाडी. एकटा माणूस असला की मागच्या बाकावर बसून उगाच कुढतो, कोणी खिसा मारेल म्हणून पिशवी पोटाशी धरतो. तीच गाडी खचाखच भरली की कोणाचं पोर कोणाच्या मांडीवर, कोणाचा डबा कोण खातंय, पत्ता नसतो. मी तडक ऋतुजाला केंद्रात फोन लावला. "पोरी, त्या मशीनसमोर चाळीस-पन्नास तोंडं बसवली तर?"

तिने मनाशी हिशेब मांडला. मग म्हणाली, "मग त्याला सगळ्यांची मिळून एकच गोष्ट करावी लागेल. काकू, आपल्या गल्लीत सगळ्यांना एकाच गोष्टीची भीती आहे का?"

"आपल्या गल्लीत वडापावच्या चटणीवर एकमत नाही!"

शारदाला मात्र मी वेगळंच सांगितलं. "तुझं खरं असेल बाई. मग लपवतेस कशाला? तुझा टीव्ही अंगणात लाव, गल्लीला बघू दे सुना कशा असतात. साक्षीदार होतील." तिला ते एकदम पटलं. साक्षीदार म्हटलं की घाबरलेल्या माणसाला बरं वाटतं.

शनिवारी संध्याकाळी मी जन्माची कंडक्टरकी पणाला लावली. "चला, पुढे सरका, मागे जागा आहे! ओ भाऊ, पोर मांडीवर घ्या! आजी, तुम्ही इथे टेका!" अंगणात झाडून सगळी गल्ली आणली. ज्या ट्यूशनवालीला नसीमने बंद केलं होतं, तिलाही. नसीमने खिचडीचं पातेलं आणलं, मी लाट्या आणल्या, पापडाच्या पिठाच्या तेलातल्या, पोरांनी त्यांवर झडप घातली. शारदा पहिल्या रांगेत. विशू खांबाआड. ऋतुजा आली, आणि सरळ सासूच्या शेजारी जाऊन बसली. तिच्या धीराला मी तिथल्या तिथे सलाम केला.

सात वाजले. पिळदार मिशांचा निवेदक आला. "तुमच्या घरात?" सून आली, ग्लास आला, पांढरी पूड पडली. शारदाने छातीवर हात दाबला. पण बाकी गल्ली? मागे एक पोरगं म्हणालं, "बोर्नव्हिटा आहे का?" पोरं खिदळली. गुरव आजोबांनी जांभई दिली.

आणि गोष्ट अडखळली. सुनेने ग्लास ठेवून दिला. दारातून ट्यूशनवाली आली. नसीम दचकली, पण खऱ्या ट्यूशनवाल्या बाईच पोट धरून हसत सुटल्या. "अगं बाई, ही माझ्यासारखी दिसते! पण माझं नाक एवढं मोठंय का?" लगेच ट्यूशनवाली गेली, भिंत मोजणारी शेजारीण आली. पदर खोचलेला, कुंकू मोठं.

शारदा पुढे वाकली. "ही... ही मी आहे का गं, उज्ज्वले?"

"हो," मी म्हटलं. "महिनाभर माझ्या टीव्हीत तू होतीस. म्हणून तुझी वाटी रिकामी येत होती."

तिने माझ्याकडे बघितलं. रागावेल वाटलं, पण तिच्या तोंडावर नुसता गोंधळ होता, झोपेतून उठवलेल्या माणसाचा असतो तसा. "मला भिंत काय करायचीय तुझी? माझीच पडायला झालीय."

तिकडे टीव्हीत हलकल्लोळ चालला होता. निवेदकाला मिशा आल्या, गेल्या, दाढी फुटली, चष्मा चढला. भाडेकरू आला, दूधवाला आला, एक बोकडही संशयाने बघत गेला. जो येईल त्याला कोणीतरी घाबरायचं आणि बाकी सगळे हसायचे. ऋतुजा माझ्या कानात कुजबुजली, "काकू, हसल्यावरही नाडी वाढते. त्याला हसणं आणि भिणं यातला फरक कळत नाहीये!" म्हणून ते आणखी हसू आणायला लागलं. बोकडाने टेप घेतला, भिंत मोजली, टेपच खाल्ला. पोरं जमिनीवर लोळायला लागली.

आणि मग, गोष्टीतल्या घरात कुठेतरी, मागच्या मोरीतला एक नळ नुसता फुसफुसला. फुस्स. गुडगुड.

अख्खं अंगण ताठ झालं. गुरव आजोबा जागे झाले. पोरांच्या लाट्या तोंडातच राहिल्या. चार-चार दिवस नळाकडे कान लावून जगणारी गल्ली ती. भीती म्हणा, आनंद म्हणा, त्या आवाजाला आमच्या सगळ्यांची काळजं एकदम उडी मारतात. यंत्राला महिनाभरात असा ठोका मिळालाच नव्हता. त्याने सून टाकली, शेजारीण टाकली, बोकड टाकला. पडद्यावर नळच नळ. पितळी, प्लास्टिकचे, गळके. निवेदकाने बोट उगारलं आणि घसा फोडून ओरडला, "पाणी आलं हो!"

निम्मी गल्ली उठून धावली. खोटं नाही सांगत. हंडे, बादल्या, पिंप. विशू खांबाआडून सुटला तो थेट मोरीत. नळ कोरडे ठणठणीत. सगळे रिकाम्या बादल्या घेऊन परत आले आणि एकमेकांकडे बघून जे हसले, जे हसले! नसीम ट्यूशनवालीच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. "सोमवारपासून पोरांना पाठवते," तिने डोळे पुसत सांगितलं.

शारदा मात्र उठली नव्हती. ती टीव्हीकडे बघत होती आणि रडत होती. ऋतुजाने सवयीने तिचं मनगट हातात घेतलं होतं, दोन बोटं नाडीवर. शारदाने हात काढून घेतला नाही.

"एवढ्याशा डब्याने मला खेळवलं गं," ती म्हणाली. "आणि मी तुझ्या हातचं पाणी टाकून देत होते. ओतून देत होते मोरीत. आपल्याकडे चार-चार दिवसांनी पाणी, आणि मी ओतत होते!"

"असू दे, आई."

"असू कसं दे? माझं चुकलं. तोंडावर सांगते, सगळ्यांसमोर सांगते, चुकलं माझं." मग तिने मान वळवून हाक मारली, "विश्या! इकडे ये. तुला संडासला होत नाही, हे बायकोला सांगता येतं, आईला नाही?"

गल्लीने टाळ्या वाजवल्या. विशू बादलीत तोंड घालून उभा राहिला. पण मग आला, आणि बायकोशेजारी बसला, सगळ्यांच्या देखत. एवढं त्याच्यासाठी पुष्कळ झालं.

रविवारी ऋतुजा उदगीरला गेली. तीच बॅग घेऊन. पण बॅगेत साड्यांच्या जागी पापडांचे डबे होते, आणि सोबत शारदा होती, व्याह्यांना भेटायला. जायच्या आधी मी वाटीभर शिरा घेऊन गेले, महिन्याची भरपाई. शारदाने वाटी नाकाशी धरली. "काय घातलंस यात?"

"इसबगोल."

"मेले!" म्हणाली, आणि उभ्या उभ्या बोटाने चाटून पुसून संपवली.

डबा आम्ही टाकून दिला नाही. सात वाजता तो अंगणात लागतो, सगळे मिळून बघतो. दुसऱ्या आठवड्यात कंपनीतून फोन आला होता, तुमच्या गल्लीत यंत्र बिघडलंय का, नुसते नळ आणि बोकड दाखवतंय. मी म्हटलं, बिघडलेलं दुरुस्त झालंय, हात लावू नका.

परवा पुन्हा पापड होते. पीठ ऋतुजा कुटत होती, शारदा लाट्या कापत होती. मध्येच शारदा थांबली आणि हात सुनेपुढे केला.

"बघ गं, धडधडतंय का?"

ऋतुजाने पिठाच्या हाताने मनगट धरलं. जरा वेळ ऐकलं. "धडधडतंय, आई. जोरात."

"वाटलंच मला," शारदा उठत म्हणाली. "चल ऊठ, पाणी आलं असणार."

आणि खरंच, खाली नळ गुडगुडत होता.